दुष्टपणा मोजण्याचें माप

चोराला "तूं चोर आहेस काय?" असें विचारून चोर सांपडतो काय, हा प्रश्न ऐकून आमचे वाचक हंसतील. परंतु आज जगांतील अनेक विश्वविद्यालयांत, रुग्णालयांत आणि तुरुंगांत बहुतेक असाच उद्योग मोठ्या गांभीर्यानें चालला आहे, आणि तो करणारे लोक वेडे नाहींत. ते कागदावर वीस, पन्नास, कधीं पांचशेंहून अधिक वाक्यें छापतात. प्रत्येक वाक्यापुढें 'बरोबर' किंवा 'चूक' अशी खूण करावयास सांगतात. त्या खुणांची बेरीज करतात. आणि त्या बेरजेवरून त्या मनुष्याच्या ठिकाणीं समाजविघातक वृत्ति किती आहे हें ठरवितात. समाजविघातक म्हणजे नुसता रागीट, हट्टी किंवा फटकळ मनुष्य नव्हे. दुसऱ्याच्या दुःखाची ज्याला पर्वा नाहीं, खोटें बोलतांना ज्याची जीभ अडखळत नाहीं, केलेल्या अपराधाची ज्याला रुखरुख लागत नाहीं, अशा स्वभावाला हा शब्द लावतात. असला एक कागद आमच्या जुन्नर-आंबेगांवच्या डोंगराकडेला येऊन पोहोंचला, त्याची हकीकत पुढें येईल. आधीं हें माप कसें तयार झालें तें पाहूं.

दुष्टाचीं लक्षणें सांगण्यांत आमच्या शास्त्रकारांनीं कसूर केलेली नाहीं. गीतेच्या सोळाव्या अध्यायांत आसुरी संपत्तीचें वर्णन आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानांत मनुष्यांच्या सत्त्वाचे सोळा प्रकार केले आहेत: सात सात्त्विक, सहा राजस आणि तीन तामस, त्या सहा राजसांत आसुर, राक्षस, पैशाच व सार्प ही मंडळी आहे. समर्थांनीं दासबोधाच्या दुसऱ्या दशकांत मूर्खाचीं आणि पढतमूर्खाचीं लक्षणें वेगवेगळीं दिलीं आहेत. पण या साऱ्या याद्या दुसऱ्याकडे पाहून ताडून घेण्याच्या सोयीच्या आहेत. आम्हीं वर्गांत मूर्खलक्षणें अनेक वर्षें शिकविलीं. प्रत्येक लक्षणाला मुलें शेजारच्या बाकाकडे पाहून हंसत. स्वतःकडे बोट दाखविलेला विद्यार्थी आम्हांस एकही आठवत नाहीं.

कौटिल्याला ही अडचण पुरती ठाऊक होती. अर्थशास्त्राच्या पहिल्या अधिकरणाच्या दहाव्या अध्यायांत अमात्यांची शुचिता पारखण्याच्या चार युक्त्या त्यानें सांगितल्या आहेत. त्यांना तो 'उपधा' म्हणतो. धर्म, अर्थ, काम आणि भय या चार वाटांनीं अमात्याला गुप्तपणें मोह घालावयाचा आणि तो घसरतो कीं टिकतो तें पाहावयाचें. अमात्याला त्याच्या स्वभावाविषयीं एक शब्दही विचारावयाचा नाहीं. आम्हांस त्या अध्यायांतील सर्वांत मोलाचा भाग मात्र शेवटचा वाटतो. शुद्ध पाण्यांत विष कालवावें तशी निर्दोष मनुष्याची बुद्धि या परीक्षेनेंच नासूं शकते, आणि एकदां नासलेलें मन पुन्हां ठिकाणावर येईलच असें नाहीं, असा इशारा त्यानें स्वतःच देऊन ठेवला आहे. परीक्षा घेणाऱ्यानें परीक्षेच्या धोक्याचा विचार इतक्या जुन्या काळीं केलेला पाहून मन थक्क होतें.

पाश्चात्त्यांनीं दुसरी वाट धरली. १८३५ सालीं प्रिचर्ड नांवाच्या इंग्रज वैद्यानें 'नैतिक वेड' अशी एक व्याधि वर्णिली: बुद्धि शाबूत, पण भावना आणि आचरण विकृत. १९४१ सालीं अमेरिकेंतील क्लेक्ली या डॉक्टरानें 'शहाणपणाचा मुखवटा' अशा अर्थाच्या नांवाचा एक ग्रंथ लिहिला. वरून गोड बोलणारा, हुशार, दिसण्यांत सभ्य, पण आंतून कोरडा असा मनुष्य त्यानें त्यांत रंगविला. मोजमापाची खरी सुरुवात १९४३ सालीं मिनेसोटा विश्वविद्यालयांतील हॅथवे आणि मॅकिन्ली यांच्या प्रश्नावलीपासून धरावी. तिच्यांत साडेपांचशें वाक्यें होतीं. तिची रचना मोठी गमतीची आहे. कोणतें वाक्य दुष्टपणाचें द्योतक आहे याचा तर्क करीत हे दोघे बसले नाहींत. निरनिराळ्या प्रकारच्या रोग्यांकडून, आणि इस्पितळांत रोग्यांना भेटावयास आलेल्या आप्तेष्टांकडून, त्यांनीं तेच कागद भरून घेतले. आणि ज्या वाक्यांवर दोन गटांचीं उत्तरें निराळीं पडलीं तीं वाक्यें वेंचून काढलीं. समाजविघातक वृत्तीचें माप न्यायालयाच्या फेऱ्यांत सांपडलेल्या तरुणांच्या उत्तरांवरून बांधलें. म्हणजे 'सामान्य माणूस' कोण, तर मिनेसोटांतील इस्पितळाच्या बांकावर बसलेला शेतकरी किंवा त्याची बायको! तें माप घोडेगांवच्या बाजारांत आणून चालेल काय, हा प्रश्न कोणाच्याही मनांत आला पाहिजे.

त्या दोघांनीं आणखी एक शहाणपण केलें. मनुष्य स्वतःला चांगला दाखविणार हें गृहीत धरून त्यांनीं कांहीं सांपळ्याचीं वाक्यें पेरलीं. 'मी कधींच खोटें बोललों नाहीं', 'मला कधीं राग येत नाहीं', अशा तऱ्हेच्या वाक्यांवर जो सर्रास 'बरोबर' म्हणतो, त्याच्या बाकीच्या उत्तरांवर कितपत विश्वास ठेवावा हें त्यावरून ठरतें. पुढें १९६० सालीं क्राउन आणि मार्लो या दोघांनीं तर केवळ हा 'चांगलें दिसण्याचा सोस' मोजण्यासाठीं तेहतीस वाक्यांची स्वतंत्र प्रश्नावली केली. द्रोणाचार्यांना अश्वत्थाम्याची बातमी सांगेपर्यंत धर्मराजाचा रथ जमिनीपासून चार बोटें वर चालत असे. पण असला कागद त्या प्रसंगाच्या आदल्या दिवशीं पुढें आला असता, तर तो सत्यवादी राजाही 'कधींच खोटें बोललों नाहीं' यावर खूण करून खोटारड्यांच्या यादींत गेला असता! विनोद सोडला तरी सांपळ्याच्या वाक्यांची ही मर्यादा खरीच आहे. खरोखर निर्मळ मनुष्य आणि पक्का ढोंगी हे दोघे तेथें एकाच खुणेवर भेटतात.

गेल्या दिवाळींत आमचा एक चुलतनातू, जो पुण्यास मानसशास्त्र शिकतो, सत्तावीस वाक्यांची एक प्रश्नावली घेऊन घरीं आला. जोन्स आणि पॉलहस या दोघांनीं ती २०१४ सालीं प्रसिद्ध केली असून कावेबाजपणा, आत्मप्रौढी आणि निर्दयपणा या तीन दुर्गुणांचीं प्रत्येकीं नऊ वाक्यें तिच्यांत आहेत. या तिघांना मिळून शास्त्रज्ञ 'काळी त्रयी' अशा अर्थाचें नांव देतात. (त्रयी म्हटली कीं आम्हांस तीन वेदांवांचून दुसरें कांहीं आठवत नाहीं, नातवाला तें सांगतांच तो म्हणाला, "आजोबा, कागद भरा आधीं.") घरांतील नऊ मोठ्या माणसांनीं कागद भरले. बेरीज झाली तेव्हां कावेबाजपणांत पहिला क्रमांक आमच्या थोरल्या वहिनींचा आला. ज्या माउलीनें पन्नास वर्षें या घराचें स्वयंपाकघर सांभाळलें, आणि दारीं आलेल्याला विन्मुख पाठविलें नाहीं, ती कावेबाज! नातू ओशाळला. चौकशी केली तेव्हां उलगडा झाला. मनांतलें सगळें बोलून दाखवूं नये, अशा अर्थाच्या वाक्यावर वहिनींनीं 'पूर्ण मान्य' अशी खूण केली होती. त्या म्हणाल्या, "अहो भावोजी, चार जावांत नांदलेली कोणती बाई याला नाहीं म्हणेल?" अमेरिकेंत जें कपटाचें चिन्ह, तें एकत्र कुटुंबांत घर टिकविण्याचें व्रत असूं शकतें. उलट त्या दिवशीं फराळाला आलेले एक गृहस्थ, ज्यांनीं उसने घेतलेले पैसे आजवर कोणाला परत केल्याचें गांवांत ऐकिवांत नाहीं, त्यांची बेरीज सर्वांत कमी भरली. चेहरा प्रसन्न ठेवून त्यांनीं आणखी एक अनारसा घेतला.

आमच्या मतें अडचणी निव्वळ स्वभावाच्या नाहींत, भाषेच्या आणि घराच्याही आहेत. इंग्रजींतील प्रश्नावल्यांत मुद्दाम उलटीं वाक्यें घालतात, म्हणजे एकाच बाजूला खुणा करीत सुटणारा मनुष्य पकडतां यावा. तीं मराठींत आणलीं कीं गोंधळ सुरू होतो. 'मी कोणाला फसवीत नाहीं' या वाक्यावर आमचा मनुष्य 'हो, नाहीं फसवीत' असेंही म्हणतो आणि 'नाहीं, नाहीं फसवीत' असेंही म्हणतो. दोहोंचा अर्थ एकच. पण कागदावर पहिल्याची खूण एका रकान्यांत पडते आणि दुसऱ्याची दुसऱ्या. बेरीज करणाऱ्याला या दोघांत जमीनअस्मानाचें अंतर दिसतें. दुसरें असें कीं हा कागद एकट्यानें, दार लावून, कोणी वांकून पाहत नसतांना भरावा अशी त्याची कल्पना आहे. आमच्या वाड्यांतून असें दार कोठें आहे? काका खांद्यावरून वाचतात, आत्याबाई "असें कसें लिहिलेंस रे?" म्हणून विचारतात, आणि मूल काकांना आवडेल अशी खूण करतें.

मग हा सारा खटाटोप व्यर्थच काय? येथें आम्हांस वाचकांना थोडें थांबविलें पाहिजे, कारण वस्तुस्थिति अपेक्षेहून निराळी आहे. दुष्ट मनुष्य कागदावर खोटेंच लिहिणार असें आपण धरून चालतों. परंतु २०१३ सालीं अनेक संशोधनांचे आंकडे एकत्र करून केलेल्या एका पाहणींत असें दिसून आलें कीं, ज्यांच्या ठिकाणीं हे गुण अधिक, ते स्वतःला चांगलें दाखविण्याची धडपड सरासरीनें कमीच करतात. विचार केला तर हें पटतें. ज्याला लाजच नाहीं तो लपवील कशाला? दुसऱ्याला फसविल्याचा त्याला अभिमानच वाटतो, आणि विचारलें तर तो सांगून मोकळा होतो. अर्थात् ज्या कागदावर कोणाची सुटका, नोकरी किंवा शिक्षा अवलंबून नसते, तेथलें हें बोलणें आहे. सुटकेची आशा असलेला कैदी काय लिहील तें निराळें. म्हणूनच कॅनडांतील रॉबर्ट हेअर यांनीं कैद्यांसाठीं जी वीस कलमांची यादी केली, आणि १९९१ सालीं सुधारून प्रसिद्ध केली, ती कैद्याच्या हातीं देतच नाहींत. शिकलेला परीक्षक त्याची दीर्घ मुलाखत घेतो, त्याचे जुने कागदपत्र तपासतो, आणि प्रत्येक कलमाला शून्य, एक किंवा दोन गुण देतो. चाळीसांपैकीं तीस गुण मिळाले तर तो मनुष्य त्या वर्गांत बसला असें उत्तर अमेरिकेंत मानतात.

पुणेकरांना याचा एक दारुण दाखला आठवत असेल. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळांत पुण्यांत एका कलामहाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांच्या टोळीनें दहा माणसें गळा आवळून मारलीं. संस्कृत व्याकरणाचा कोश करणारे वयोवृद्ध पंडित काशीनाथशास्त्री अभ्यंकर यांचें घर त्यांतच उद्ध्वस्त झालें. त्या एका रात्रीं तेथें पांच जीव गेले. आम्हांसारख्या संस्कृताच्या वाचकाला तो कोश आजही उघडतांना हात थबकल्यासारखा होतो. चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजीं येरवड्यास फांशी झाली. त्यांपैकीं मुनव्वर शहा यानें तुरुंगांत आत्मचरित्र लिहिलें. 'येस, आय ॲम गिल्टी' या त्याच्या नांवांतच कबुली आहे. हा कागद कोणी छापून पुढें ठेवलेला नव्हता, त्याला सांपळ्याचीं वाक्यें नव्हतीं, आणि लिहिणाऱ्याच्या डोक्यावर फांशीचा दोर लोंबत होता. वाचणाऱ्यापुढें प्रश्न उरतोच: हा पश्चात्ताप, कीं पश्चात्तापाचें शब्दचित्र? कबुली आणि रुखरुख या दोन वस्तु भिन्न आहेत. पहिली कागदावर उतरते. दुसरी उतरली कीं नाहीं हें कागद सांगत नाहीं.

मनाच्या मोजमापाला न्यायालयांत आज स्थान मिळालें आहे, म्हणून हा विषय करमणुकीचा राहिलेला नाहीं. २००८ सालीं पुण्याच्या सत्र न्यायालयानें एका खुनाच्या खटल्यांत शिक्षा देतांना मेंदूच्या विद्युत्-लहरी मोजणाऱ्या चाचणीचाही आधार घेतला आणि देशभर खळबळ उडाली. पुढें २०१० सालीं सर्वोच्च न्यायालयानें 'सेल्वी' खटल्यांत ठरविलें कीं आरोपीच्या संमतीवांचून अशा चाचण्या घेतां येणार नाहींत. घटनेच्या विसाव्या अनुच्छेदाप्रमाणें कोणालाही स्वतःविरुद्ध साक्ष देण्यास भाग पाडतां येत नाहीं. नंतर २०२२ च्या मे महिन्यांत 'मनोज विरुद्ध मध्यप्रदेश राज्य' या निकालांत त्याच न्यायालयानें, फांशीची शिक्षा संभवत असेल तेथें आरोपीचा मानसिक तपासणीचा अहवाल पुढें आणावा, असें फर्माविलें. तेथें हेतु दयेचा आहे. पण अहवाल म्हटला कीं त्यांत असलीं मापें शिरणार, आणि एखाद्या आंकड्याचें वजन मनुष्याच्या प्राणापर्यंत जाऊन पोहोंचणार.

आतां थोडें अंकगणित. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या रोगनिदानग्रंथाप्रमाणें ही विकृति समाजांत शेंकडा पाव टक्क्यापासून सव्वातीन टक्क्यांपर्यंत आढळते. हिशेबासाठीं शेंकडा एक धरूं. हजार माणसांत अशीं दहा. प्रश्नावली उत्तम आहे असें समजूं: दहांपैकीं नऊ खरे दुष्ट ती पकडते, आणि चांगल्या माणसांविषयीं दहांत एकदांच चुकते. दुष्टांपैकीं नऊ सांपडले. उरलेल्या नऊशेंनव्वद चांगल्यांपैकीं नव्व्याण्णवही सांपडले. एकूण झाले एकशें आठ, जपमाळेच्या मण्यांइतके. त्यांत खरे नऊ. म्हणजे बारांत एक खरा आणि अकरा निरपराध. माप चांगलें असूनही! ज्या गोष्टीचें प्रमाण मुळांत थोडें, तिच्या शोधांत असें होणारच. मॅट्रिकच्या मुलालाही हा हिशेब करतां येईल. आमच्या जुन्नर तालुक्यांतील शेतकऱ्याला तर तो करावाही लागत नाहीं. बिबट्यानें माणूस मारला कीं उसांत पिंजरा लागतो. पिंजऱ्यांत जो शिरला तोच अपराधी असें धरतां येत नाहीं, हें त्यानें डोळ्यांनीं पाहिलें आहे.

याच मुलुखांत, भीमाशंकराच्या कुशींत, आंबेगांव तालुक्यांतील जांभोरीचा होनाजी भागोजी केंगले होऊन गेला. 'होन्या केंगल्या' हें त्याचें लोकांतलें नांव. १८७३ पासून त्यानें महादेव कोळ्यांची टोळी जमवून सावकारांवर धाडी घातल्या, आणि कित्येकांचीं नाकें कापलीं. सरकारनें त्याच्या डोक्यावर हजार रुपयांचें बक्षीस लावलें, आणि १८७६ च्या जुलैंत मेजर डॅनियल यानें त्याला पकडलें. याच मेजर डॅनियलनें तीन वर्षांनीं, जुलै १८७९ मध्यें, वासुदेव बळवंत फडक्यांना पकडलें. फडक्यांनीं सशस्त्र धाडी घातल्या, नांवें आणि वेष पालटले, स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या जिवाची पर्वा केली नाहीं. आणि आपली हकीकत स्वतःच्या हातानें लिहून ठेवली, तीच पुढें त्यांच्यावर पुरावा म्हणून आली. वर सांगितलेल्या रोगनिदानग्रंथांत सात लक्षणें आहेत: कायदा मोडणें, फसवणूक किंवा खोटीं नांवें, उतावीळपणा, मारामारी, बेपर्वाई, बेजबाबदारी आणि पश्चात्तापाचा अभाव. यांपैकीं तीन जुळलीं कीं पुरे. फडक्यांचीं जुळतात! होन्याचींही जुळतील. त्या ग्रंथानें मात्र एक उंबरठा ठेवला आहे, आणि तो ठेवला हें फार चांगलें झालें: मनुष्य अठरा वर्षांचा झाल्यावांचून हें नांव द्यावयाचें नाहीं, आणि पंधरा वर्षांच्या आंत तशीं चिन्हें दिसलेलीं असलीं पाहिजेत. कागदावरील बेरीज हा उंबरठा पाहत नाहीं. ऋणको कशानें पेटला हें तिला कळत नाहीं. सावकाराच्या वहींत काय लिहिलें होतें तेंही तिच्यांत नसतें. होन्या वंद्य होता असें आमचें म्हणणें नाहीं. नाक कापलेल्या माणसाच्या घरच्यांना तो काय वाटला असेल तें ज्याचें त्यानें जाणावें.

येथें प्रश्नावलीच्या बाजूनेंही एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती आमच्या समाजाला विशेष बोंचणारी आहे. इंग्रजांनीं दुष्टपणा मोजण्याचें आणखी सोपें माप काढलें होतें, तें म्हणजे जन्म. १८७१ च्या 'गुन्हेगार जमाती' कायद्यानें, आणि मुंबई इलाख्यांत १९११ नंतर, जातिच्या जाति नोंदवहींत चढविल्या. हजेरी, परवाना आणि सोलापुरासारख्या ठिकाणीं तारेच्या कुंपणांतील वसाहती त्यांच्या वाट्याला आल्या. ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं तो कायदा देशभर रद्द झाला आणि त्या जमाती विमुक्त झाल्या, तरी पोलिसांच्या आणि आपल्याही मनांतली नोंदवही तितक्या लवकर फाटली नाहीं. आतां याच्याशेजारीं १९५७-५८ मधील एक काम ठेवा. नाय आणि शॉर्ट या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनीं शाळेंतील मुलांकडून नांव न घालतां कागद भरून घेतले: काय चोरलें, कोणाला मारलें, शाळा केव्हां बुडविली. न्यायालयाच्या दप्तरांत अपराधी मुलें बहुतेक गरिबांचीं दिसत. कागदांत तो फरक जवळजवळ नाहींसा झाला. चांगल्या घरच्या मुलांनींही तितक्याच लबाड्या केल्या होत्या. त्यांना फक्त चौकीवर कोणी नेलें नव्हतें. आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं फडताळांतून नाणीं नाहींशीं झालीं, आणि दोष प्रथम मोलकरणीवर गेला, त्यांनीं हें वाक्य पुन्हां एकदां वाचावें.

म्हणून आम्ही असें समजतों कीं, निनांवी कागद हजारोंच्या संख्येनें भरून घेऊन समाजांत काय चाललें आहे तें पाहण्यास हें साधन उपयोगी आहे. त्याच कागदावर एका मुलाचें नांव घालून त्याचें भवितव्य ठरविणें हा निराळा व्यवहार आहे. दोन्ही कामें एकच कागद करतो, यांत सारा घोटाळा आहे.

आतां ती हकीकत. आमच्या बाजूच्या एका निवासी शाळेनें (नांवाची जरुरी नाहीं) प्रवेशाच्या वेळीं मुलांकडून 'स्वभाव-परीक्षण' म्हणून चाळीस वाक्यांचा कागद भरून घेतला. कोणत्या मूळ प्रश्नावलीवरून तो उतरविला हें त्यावर लिहिलेलें नव्हतें. पश्चिमेकडील डोंगरपट्ट्यांतील एका तेरा वर्षांच्या मुलाचे गुण अभ्यासांत उत्तम होते, पण या कागदांत त्याची बेरीज वाईट आली. 'प्रवृत्ति समाधानकारक नाहीं' असा शेरा पडून प्रवेश नाकारला गेला. बाप कागदाची प्रत घेऊन आमच्याकडे आला. आम्हीं मुलाला ओसरीवर बसवून एकेक वाक्य विचारलें. 'मी दुसऱ्याची वस्तु न विचारतां घेतली आहे' यावर त्यानें 'होय' लिहिलें होतें. कोणती वस्तु? तर रानांतला हिरडा आणि जळाऊ फांट्या. 'मी कायदा मोडला आहे' यावरही 'होय', कारण गार्डानें एकदां कोयता काढून घेतला होता. 'मी मारामारी केली आहे': धाकट्या भावाला पाण्यांत ढकलणाऱ्या पोराशीं.

हिरड्याची गोष्ट तर मोठी विचार करण्यासारखी आहे. भीमाशंकरचें रान १९८५ पासून अभयारण्य आहे, आणि १९२७ च्या वनकायद्याप्रमाणें रानांतून वस्तु नेणें हा एके काळीं सरळ अपराध होता. २००६ च्या वनहक्क कायद्यानें परंपरेनें तेथें राहणाऱ्यांचा हिरड्यासारख्या गौण वनउपजावरील हक्क मान्य केला. बापाच्या लहानपणीं जी चोरी, तो मुलाच्या लहानपणीं हक्क. मुलाला याची माहिती नव्हती, आणि कागद तयार करणारालाही नसावी. बापानें एवढेंच विचारलें, "गुरुजी, पोरगं खरं बोललं, त्येच चुकलं व्हय?" त्याच शाळेंत प्रवेश मिळालेल्या दुसऱ्या एका मुलाचा कागदही योगायोगानें आमच्या पाहण्यांत आला. चाळीसांपैकीं चाळीसही उत्तरें एखाद्या संताला शोभावीं अशीं होतीं. कागद घरीं नेऊन वडिलांसमोर बसून भरला, असें तो मुलगा आपण होऊन म्हणाला.

वाल्याला नारदानें "तूं पापी आहेस काय?" असें विचारलें नव्हतें. घरीं जाऊन बायकापोरांना विचारून ये, असें सांगून त्याला पाठविलें. आजचे मानसशास्त्रज्ञही हल्लीं याच वाटेला लागले आहेत: एकाच मनुष्याविषयीं त्याचें स्वतःचें उत्तर आणि जवळच्यांचें उत्तर अशीं दोन्ही घेतात, आणि दोहोंचा मेळ बेताचाच बसतो असें त्यांना आढळतें. त्या मुलाविषयीं त्याच्या वर्गशिक्षकाला, आजीला किंवा ज्याच्या गाई तो राखतो त्या शेजाऱ्याला कोणी कांहीं विचारलें नव्हतें.

आम्हीं त्या शाळेच्या चालकांना पत्र लिहून तीन गोष्टी विचारल्या: ही प्रश्नावली मूळ कोणाची, मराठी मुलांवर ती कोणीं व केव्हां पारखून पाहिली, आणि अठरा वर्षांच्या आंतील मुलाला असा शेरा देण्यास आधार काय. पोंच आली, उत्तर आलेलें नाहीं. मुलगा सध्यां घोडेगांवच्या एका शाळेंत जातो. सकाळची एस्. टी. चुकली तर सहा मैल चालतो, आणि संस्कृताचें पहिलें पुस्तक त्यानें श्रावणांतच संपविलें. बापाच्या म्हणण्यावरून आम्हीं त्या शाळेला दुसरें पत्र लिहिलें असून तें रजिस्टर्ड पोस्टानें धाडलें आहे.